काळ्या मातीत नॅनो-जस्त तपासताना

परभणी
मृगाच्या तोंडावर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

नॅनो झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म कणांची पावडर, गांडुळांना घातक आहे का, हे तुझी पोरं तपासणार म्हणून कळवलंस, फार बरं वाटलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जस्ताची कमतरता पाचवीलाच पुजलेली, तेव्हा असली उत्पादनं बांधापर्यंत येणारच. म्हणूनच माझा आग्रह आहे की तपासणी आपल्या मातीतही करा.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गांडूळ-चाचणीच्या 207 क्रमांकाच्या पद्धतीत माती बनवून घेतात: 70 टक्के बारीक वाळू, 20 टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती), 10 टक्के पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ), सामू (पीएच) 6 च्या आसपास. आपल्या रानाचा सामू 8 च्या घरात. झिंक ऑक्साइड आम्लाकडे झुकलेल्या मातीत लवकर विरघळतं, आपल्याकडे फार कमी. जे विरघळतं तेही चुना आणि चिकणमाती धरून ठेवतात. म्हणजे एकाच मात्रेचा निकाल दोन मातींत वेगळा येऊ शकतो. दोन्ही माती शेजारीशेजारी लावा, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

आता खरी मेख. गांडूळ मेलं तर ते कणामुळे की सुटलेल्या जस्तामुळे? हे ओळखायला चार गट लागतात: नुसती माती, नॅनो झिंक ऑक्साइड, जाड कणांचं झिंक ऑक्साइड आणि झिंक सल्फेट. मात्रा पावडरीच्या वजनावर धरू नका, जस्ताच्या वजनावर धरा. झिंक ऑक्साइडमध्ये जस्त 80 टक्के, सात पाण्याच्या (स्फटिकात पाण्याचे सात रेणू असलेल्या) झिंक सल्फेटमध्ये पावणेतेवीस टक्क्यांच्या आसपास. किलोभर कोरड्या मातीत 100 मिलिग्रॅम जस्त हवं असेल, तर ऑक्साइड साधारण 125 मिलिग्रॅम आणि सल्फेट 440 मिलिग्रॅम. सल्फेट खताच्या पिशवीतलं नको, प्रयोगशाळेचं घ्या. नॅनो आणि सल्फेट या दोन्ही गटांचा परिणाम सारखाच आला, तर दोष बहुधा विरघळलेल्या जस्ताचा. नॅनोचा जास्त आला, तरच कणाकडे बोट दाखवता येईल. मातीत मुळात असलेलं जस्त आधी मोजून ठेवा.

कणाचा धाक का, तेही पोरांना आकड्यातच सांग. 1 सेंटिमीटरचा घन 10 नॅनोमीटरच्या घनांत फोडला, तर 6 चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास 6 गुंठे! पण कण सुटे राहिले तरच. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियममुळे त्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरा. मोजमापातही फसगत होते: विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या डीएलएस यंत्रावर प्रकाश विखुरण्याचं प्रमाण व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं, त्यामुळे 100 नॅनोमीटरची एक गुठळी 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतकी चमकते. मूठभर गुठळ्यांनी सगळा आकडा फुगतो, म्हणून जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो हवाच. आणि 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून उतरलं ते ‘विरघळलेलं’ असं कोणी लिहिलं, तर मान्य करू नकोस. 450 नॅनोमीटरपर्यंतचं सगळं त्यातून जातं.

काळी माती वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीनं चाळून घ्या. पावडर आधी ओंजळभर वाळूत घोटा, मग पूर्ण मातीत मिसळा, नाहीतर एका ढेकळात विष आणि बाकी माती कोरी. पाणी वाफशाइतकंच. चिखल झाला की हवा खेळत नाही, गांडुळं गुदमरतात आणि दोष जस्तावर जातो.

गांडूळ आयसेनिया फेटिडाचं, म्हणजे खताच्या वाफ्यातलं. दोन महिन्यांपेक्षा मोठं, अंगावर जाड पट्टा आलेलं, 300 ते 600 मिलिग्रॅमचं. एका भांड्यात 500 ग्रॅम कोरड्या मातीमागे 10 गांडुळं, प्रत्येक मात्रेची चार भांडी. आधी एक दिवस कोऱ्या मातीत ठेवा, मग धुऊन, टिपून वजन घ्या. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी. पुढच्या टोकाला हलकं टोचून हालचाल नसेल तर मेलेलं समजा. सापडलंच नाही तर तेही मेलेल्यांत धरा, कारण ते लवकर कुजून जातं. नुसत्या मातीच्या गटात 10 टक्क्यांहून जास्त मेली, तर चाचणी रद्द करून पुन्हा लावा.

तापमान 20 अंश, दोन इकडेतिकडे. आपल्याकडे एवढ्यावरच चाचण्या बिघडतात. लाइट गेली की खोली तापते, आणि उष्णतेनं मेलेली गांडुळं नॅनोच्या खात्यावर चढतात. भांड्यांशेजारी तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र ठेवा, इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका.

पोरांच्या जिवाचंही सांगतो. पावडर फ्यूम हुडमध्येच, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या कपाटातच तोला, खोलीतला पंखा बंद ठेवा. सांडली तर झाडू लावायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. एन-95 मास्क चालतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना धुरानं ताप भरतो ना, तो याच झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांनी.

सातव्या दिवसाचे आकडे हाती आले की मला पाठव. मेलेल्यांचे आणि जिवंतांच्या वजनाचे, दोन्ही.

तुझा,
शिवा