कातळ तिथला, माती परगावची

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या वायव्य भागातील पर्वतीय जंगलांवर प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. जंगलाचे वर्णन चांगले उतरले आहे. लेखासोबत रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरकडेचे एक छायाचित्र आहे. त्यात तळाशी काळा कातळ दिसतो, कातळावर पिवळसर तपकिरी मातीचा जाड थर दिसतो आणि त्या थरात फर वृक्षाची मुळे दाटीने पसरलेली दिसतात. त्याखाली ‘बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेली सुपीक वनमाती’ अशी ओळ छापली आहे. लेखाच्या शेवटी याच समजुतीच्या आधारावर, कातळ जागेवर आहे तोवर माती बनतच राहणार, तेव्हा लाकूडतोडीमुळे मातीचे काही बिघडेल ही भीती अनाठायी आहे, असे मत मांडले आहे. छायाचित्राखालची ओळ चुकीची आहे आणि तिच्यावर उभारलेले मतही त्यामुळे टिकत नाही. आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवले असल्याने गप्प बसवले नाही, म्हणून हे पत्र.

लेखकाची चूक का झाली असावी, हे मी समजू शकतो. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात काळा पाषाण, त्याचा मुरूम आणि मुरमाची माती हा क्रम इतका पक्का बसलेला असतो, की बेसॉल्ट दिसला की वरची माती त्याचीच असणार, असे आपण न तपासता धरून चालतो. ईशान्य ओरेगॉनचे ब्लू पर्वत, आग्नेय वॉशिंग्टन आणि उत्तर आयडाहो या भागांतही खाली बऱ्याच ठिकाणी बेसॉल्टच आहे. सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहू लागला आणि थरावर थर साचून कोलंबिया नदीच्या खोऱ्यात दोन लाख चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश त्याखाली गेला. आपल्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या कातळाच्या मानाने तो बराच तरुण आहे, पण घडण तीच. साम्य मात्र इथेच संपते, कारण तिथल्या दाट जंगलांची मुळे ज्या मातीत वाढतात तिचा फार मोठा भाग या कातळापासून झालेलाच नाही. तो वाऱ्याने आणून टाकला आहे, आणि तोही निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणांहून.

पहिला वाटा लोएसचा. शालेय भूगोलात ‘वाऱ्याचे संचयन कार्य’ या धड्यात चीनमधल्या लोएसचे नाव आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. तसाच वाऱ्याने वाहून आणलेला बारीक पोयटा पूर्व वॉशिंग्टनमधल्या पलूस नावाच्या टेकड्यांच्या मुलखात साचला आहे (सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी या नावाचा संबंध नाही), आणि काही ठिकाणी त्याची जाडी सत्तर मीटरच्याही वर जाते. हा पोयटा आला कुठून, याची गोष्ट मातीइतकीच विलक्षण आहे. हिमयुगात माँटाना राज्यात बर्फाच्या बांधामागे एक प्रचंड सरोवर तुंबत असे. बांध फुटला की महापूर पूर्व वॉशिंग्टनवरून वाहत जाई आणि सखल भागात गाळाचे थर ठेवून ओसरे, आणि असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. वाळलेला तो गाळ नैऋत्येच्या वाऱ्यांनी उचलला आणि ईशान्येकडे नेऊन टाकला. म्हणूनच उगमाजवळ हा पोयटा थोडा रवाळ लागतो आणि आयडाहोच्या डोंगरांकडे जावे तसा तो अधिकाधिक मऊ होत जातो. हे महापूर खरोखर येऊन गेले, असे अमेरिकी भूशास्त्रज्ञ हार्लेन ब्रेट्झ यांनी 1923 पासून मांडायला सुरुवात केली तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढले होते. अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेचे सर्वोच्च पदक त्यांना मिळाले ते 1979 साली, वयाच्या नव्वदीनंतर.

दुसरा वाटा राखेचा, आणि जंगलाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी नैऋत्य ओरेगॉनमधल्या माझामा नावाच्या ज्वालामुखीचा भीषण उद्रेक झाला. सुमारे 50 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडल्यावर शिखराला आतून आधारच उरला नाही, ते खाली कोसळले आणि जो खड्डा झाला त्यात आज क्रेटर लेक हे 594 मीटर खोलीचे, अमेरिकेतले सर्वांत खोल सरोवर आहे. त्या परिसरातल्या क्लॅमथ या मूलनिवासी लोकांच्या परंपरागत कथांत या उद्रेकाची आठवण आजही सांगितली जाते. तिथे माणसे तेव्हाही होतीच, कारण मध्य ओरेगॉनमधल्या फोर्ट रॉक गुहेत 1938 साली पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या वहाणा सापडल्या त्या याच राखेच्या थराखाली. जड आणि जाड कण ज्वालामुखीजवळच पडले. पिठासारखी बारीक राख मात्र शेकडो किलोमीटर वाऱ्यावर गेली, ब्लू पर्वतांवर आणि उत्तर आयडाहोच्या डोंगरांवर उतरली, आणि तिचे अंश ग्रीनलंडच्या बर्फातही मिळाले आहेत. 18 मे 1980 रोजी माउंट सेंट हेलेन्सने फेकलेल्या राखेचीही भर या मातीत पडली आहे, पण माझामापुढे तो उद्रेक किरकोळच म्हणायला हवा.

काही वर्षांपूर्वी ब्लू पर्वतांत, आपल्या छायाचित्रात आहे तशाच एका कापलेल्या कडेसमोर मला तासभर उभे राहता आले. वरचा, साधारण गुडघ्याएवढा थर हाताने ओरबाडला तर मैद्यासारखा भुरभुरला. चिमूट ओली करून बोटांत चोळली, तर चिकणमातीचा चिकटपणा नाही आणि वाळूची खरखरही नाही. साबणाचा बुळबुळीतपणा तेवढा जाणवला. ढेकूळ उचलले तर आकाराच्या मानाने हाताला फसवे हलके. भिंगाखाली काचेचे कपचे चमकत होते. सोबतच्या जाणकाराने फिनॉल्फथॅलीन हे अल्कलीत लाल होणारे रसायन लावलेल्या कागदावर थोडी माती ठेवून तिच्यावर सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचा थेंब सोडला आणि कागद पाहता पाहता लाल झाला. राख विरघळून तयार होणाऱ्या ॲलोफेनसारख्या द्रव्यांची ही ओळख आहे. या थराखाली, सुरीने रेघ ओढावी इतक्या स्पष्ट सीमेपलीकडे, जुन्या लोएसची घट्ट आणि जड माती सुरू होत होती आणि बारीक मुळे त्या रेघेशी येऊन विरळ होत होती. बेसॉल्टचे धोंडे त्याच्याही खाली होते. झाडाचे जवळजवळ सारे चलनवलन राखेतच चालले होते.

याचे कारण पाण्यात आहे. त्या प्रदेशात पाणी मुख्यतः हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने पडते आणि जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे जातात. वितळलेले पाणी उन्हाळाभर जी माती धरून ठेवील तिच्यावरच ग्रँड फर, डग्लस फर आणि एंगलमन स्प्रूस यांची दाटी होऊ शकते. राखेच्या कणांत आणि कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या इतक्या असतात, की एका घन सेंटीमीटर कोरड्या मातीचे वजन बहुधा 0.6 ते 0.9 ग्रॅम भरते. खालच्या घट्ट थरांचे तेच वजन 1.3 ग्रॅमच्या पुढे जाते. उत्तर आणि पूर्व उतारांवर ही राख टिकून राहिली. दक्षिणेकडच्या उघड्या उतारांवरून ती बरीचशी धुऊन आणि उडून गेली, आणि तिथे खरोखरच बेसॉल्टची, उथळ आणि दगडाळ माती आहे. लेखकाने एकाच टेकडीच्या दोन बाजू पाहिल्या असत्या तर माझ्या पत्राची गरजच पडली नसती. राखेच्या बाजूला सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही असे रान, आणि उघड्या बाजूला सुटेसुटे पाँडेरोसा पाइन. जिथे कातळ अगदी वर आला आहे तिथे तर नुसते गवत आणि खुरटा सेजब्रश. कातळ दोन्हीकडे एकच आहे.

अमेरिकी मृदा वर्गीकरणात राखेच्या अशा मातींना 1990 साली ‘अँडिसॉल’ हा स्वतंत्र गण मिळाला. हे नाव ज्या जपानी शब्दांवरून आले त्यांचा अर्थ ‘काळपट माती’ असा आहे. ब्लू पर्वतांतली राख मात्र फिकी, कारण तिच्यात कुजलेला पालापाचोळा तितका मिसळलेला नसतो. आयडाहो राज्याची प्रातिनिधिक माती मानली जाणारी थ्रीबेअर ही मातीही पोयट्यावर राखेचा जाड थर अशीच आहे.

आता निष्कर्षाकडे येतो. बेसॉल्टची माती होते हे खरे, पण अशा थंड डोंगरात बोटभर माती व्हायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात बसत नाही, आणि झालेली मातीही राखेसारखी नसणार. राख पुन्हा हवी असेल तर दुसऱ्या माझामाची वाट पाहावी लागेल. लाकूड ओढणारी अवजड यंत्रे ओल्या राखेवरून फिरली, की पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्या पोकळ्या मिटतात आणि माती दबून बसते. आपल्या शेतकऱ्याला वाफसा नसताना रानात औत घालू नये हे सांगावे लागत नाही. राखेच्या बाबतीत तो नियम कितीतरी कडक लावायला हवा, कारण तिथे नांगरून माती पुन्हा मोकळी करणारा कोणी नसतो आणि दबलेला थर दशकानुदशके तसाच राहतो. पालापाचोळ्याचे आवरण खरवडले गेले किंवा भडक वणव्यात जळाले तर हलकी राख पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर निघून जाते. तिथला बहुतेक नत्र त्या आवरणात आणि वरच्या काही इंचांत असतो, तोही तिच्यासोबत जातो.

हे धोके तिथल्या वनखात्याच्या ध्यानात नाहीत असे नाही. ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय वनांसाठी 1998 साली घालून दिलेल्या मापदंडांत राखेच्या मातीचा विचार वेगळा केलेला आहे आणि कामाच्या क्षेत्रापैकी 20 टक्क्यांहून अधिक जमीन नादुरुस्त होता कामा नये अशी मर्यादा आहे. आयडाहोच्या उत्तर भागात ती 15 टक्के आहे. माझ्या मते ही मर्यादाही सढळच आहे, परंतु कातळ आहे तोवर माती बनत राहील असे मानणाऱ्यांनी ती घातली नसती, एवढे नक्की.

शिवाय तोडीनंतर जंगल आपोआप परतते, हा लेखातला दुसरा गर्भित समजही राखेच्या मातीवर सगळीकडे लागू पडत नाही. उत्तर आयडाहोत ग्रँड फरच्या जंगलांच्या एका पट्ट्यात झाडे काढल्यावर ब्रॅकन जातीच्या नेच्याने जमीन व्यापली आणि मुळे कुरतडणाऱ्या गोफर नावाच्या बिळवासी प्राण्यांची त्यात भर पडली. लावलेली रोपे तगेनाशी झाली. नेच्याखाली राखेची आम्लता वाढते, ॲलोफेन टिकत नाही आणि मुळांना घातक असे ॲल्युमिनियम मोकळे होते, असे तिथल्या अभ्यासांतून दिसून आले. दशके उलटूनही त्यातल्या कित्येक जागा मोकळ्याच आहेत, आणि खालचा कातळ होता तसाच आहे.

लेखाची दुरुस्ती छापण्याइतकी जागा पुरवणीत नसेल तर निदान छायाचित्राखालची ओळ तरी बदलावी, ही विनंती. ‘तळाशी बेसॉल्ट, त्यावर लोएस आणि सर्वांत वर माझामा ज्वालामुखीची राख’ एवढे छापले तरी माझे समाधान होईल.

आपला,
मृदाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक