उजेड समोरून घ्या

श्टुटगार्ट, फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी बोलणं झालं, तरी मनातलं राहूनच गेलं. बाबांना निवांत वाचता यावं म्हणून कागदावर लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला नीट ऐकू येत नाहीये. नुसत्या आवाजाच्या फोनवर हे मला कळलंच नसतं. व्हिडिओवर तुमची नजर माझ्या ओठांवर असते. मी चहाचा कप तोंडाशी नेला की तुम्ही आईकडे बघता. दादाचं बोलणं तुम्हाला पोचतं, चिऊचं मात्र आई पुन्हा सांगते. वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुतेक वेळा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त विरून जातात आणि शब्द अर्धेच कानी पडतात. त्यात लहान पोरीचा आवाज पातळ. ती भरभर बोलते म्हणून तुम्हाला कळत नाही, असं मनात आणू नका.

मी आता खिडकीकडे तोंड करून बसते, म्हणजे चेहऱ्यावर उजेड राहतो. तुम्ही झोपाळ्यावर बसता तेव्हा अंगणाचा उजेड पाठीमागून येतो आणि तुमचे चेहरे काळे पडतात. वळून बसा, मलाही तुम्हाला बघायचं असतं. चिऊला सांगितलंय, आधी "आजोबा" अशी हाक मारायची, त्यांनी बघितलं की मग गोष्ट सुरू करायची. गणपतीत सगळ्यांचा एकत्र कॉल करूच. व्हॉट्सॲपवर ३२ जण मावतात, पण चौकोन इतके बारीक होतात की कुणाचे ओठ दिसत नाहीत. बाबांचा आणि चिऊचा कॉल वेगळाच ठेवूया.

पण ओठ बघून किती दिवस काढणार? रत्नागिरीला जाऊन कान तपासून या. ऑडिओमेट्री म्हणतात त्याला. हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्ट्यांचे आवाज ऐकवतात. ऐकू आला की खूण करायची, एवढंच. दुखत-खुपत काही नाही. यंत्र लागलं तर ब्लूटूथवालं घेऊ, म्हणजे फोनचा आवाज थेट कानात येईल. पैशाचं मी बघते, त्यावरून तपासणी लांबवू नका.

आई, कॉलची वेळ झाली की तू चांगली साडी नेसून, हातातलं काम टाकून बसतेस. मला तू भाकरी थापताना बघायची आहेस गं. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेव आणि तुझं चालू दे. बोललीच पाहिजेस असं नाही. परवा उठताना तू भिंतीला हात टेकलास आणि क्षणभर तशीच थांबलीस. गुडघ्याचं सांगितलं नव्हतंस मला. चांगलं तेवढंच दाखवणार असाल, तर इतक्या लांबून मला काय कळणार?

आणखी एक, हे दोघांनीही ऐका. अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलू नका. समोर पोलिसाचा गणवेश दिसेल, मागे कचेरीही दिसेल, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॉल बंद करू नका, कुणाला सांगू नका" म्हणतील. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. सरळ बंद करा आणि दादाला फोन लावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. फोनचा स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्या परक्या माणसाचंही ऐकू नका. त्यातून त्याला ओटीपीसुद्धा दिसतो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातील. तुमच्या साडेचारच्या चहाला आमच्याकडे बाराऐवजी एक वाजेल. चिऊची जेवायची वेळ ती, ताट घेऊनच बसेल तुमच्यासमोर.

तपासणीचा दिवस ठरला की मला कळवा, बाबा. आईच्या गुडघ्याचंही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून घ्या, दोन खेपा नकोत.

तुमची लेक