फोनवर तो का चिडतो

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तू विचारलंस, धाकटा फोनवर सारखा वैतागलेला का असतो, अभ्यास झेपत नाही का त्याला? मला वाटतं, अभ्यासाचा दोष कमीच असेल. मोठ्या विद्यापीठात मुलं मेटाकुटीला येतात ती अभ्यासाच्या भोवतीच्या गोष्टींनी. त्या फोनवर धड सांगताही येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात मोठा ताप विषय मिळवण्याचा. पोर्टलवर नोंदणी ठरल्या मिनिटाला उघडते, हजारो मुलं एकदम आत शिरू बघतात आणि पान नुसतं फिरत राहतं. जागा वर्गात जितके बाक तितक्याच. हुकलेला विषय पुढच्या विषयाची अट असेल आणि वर्षातून एकदाच शिकवत असतील, तर पुढची सगळी साखळीच वर्षभर लांबते. म्हणून आदल्या दिवशीच विषयांचे कोड आणि प्रत्येकाच्या दोन पर्यायी तुकड्या कागदावर लिहून ठेवायच्या. नोंदणी उघडली की सर्वांत कमी जागांचा विषय आधी घ्यायचा; आवडीचा पण भरपूर जागांचा विषय मागाहून घेतला तरी चालतो.

याहून वाईट म्हणजे खात्यावरची अडवणूक. ग्रंथालयाचा किरकोळ दंड राहिला किंवा एखादं प्रमाणपत्र जमा करायचं राहिलं, तरी नोंदणी अडते, आणि पुष्कळदा ते कळतं नेमकं त्याच मिनिटाला. आठवडाभर आधी खातं उघडून बघितलं तर निस्तरायला वेळ मिळतो. प्रतीक्षा यादीत नाव गेलं तरी लगेच हाय खाऊ नये. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं विषय बदलतात, जागा सुटतात. शिक्षकांची परवानगी घेऊन पहिल्या दिवसापासून वर्गात बसायचं, नाहीतर जागा मिळेपर्यंत दोन असाइनमेंट बुडालेल्या असतात.

बाबा, तुम्ही म्हणता, दिवसाला तीन-चार तासच तर वर्ग असतात. पण कामाचा हिशेब वर्गातल्या तासांवर होत नाही. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं काम मोजायचं माप) वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. ४० आठवडे धरले तर आठवड्याला साडेसदतीस ते ४५ तास. वर्ग हा त्यातला लहान तुकडा.

सर भेटत नाहीत, ही तक्रारही खरी आहे. समजा वर्गात ३०० मुलं आणि सरांचे भेटीचे आठवड्याला दोन तास. १२० मिनिटं वाटली तर प्रत्येकाला २४ सेकंद येतात! पण सगळी मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच दाराशी उभी राहतात. तिसऱ्या आठवड्यात गेलं तर निवांत बोलता येतं. ईमेल करायची तर विषयाचा कोड, तुकडी, नोंदणी क्रमांक आणि एकच नेमका प्रश्न, आपण कुठवर आलो त्यासकट. "सर, काही कळलं नाही" एवढ्यावर कोण काय उत्तर देणार?

आता पासवर्ड. हसू नकोस आई, यात अख्खा दिवस जातो. विद्यापीठ ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावतं. लॅपटॉपवर बदलला, पण खिशातला फोन जुनाच पासवर्ड घेऊन वायफायला पुन्हा पुन्हा धडका देत राहतो. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपते आणि खातं बंद पडतं. ईमेल, पोर्टल, असाइनमेंट जमा करण्याची जागा, सगळं त्याच एका खात्यावर असतं. मदतकक्षाने खातं उघडून दिलं तरी फोन ते थोड्या वेळात परत बंद पाडतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून बदलण्याआधी फोन, टॅब, सगळीकडून ते नेटवर्क काढून टाकायचं, मग बदलायचा आणि नव्याने जोडायचं. असाइनमेंटच्या शेवटच्या दिवशी तर पासवर्डला हातच लावू नये.

पैसे भरूनही वसतिगृहाच्या यादीत थकबाकी दिसते, कारण हिशेब विभागाची नोंद तिकडे आपोआप पोचतेच असं नाही. व्यवहाराचा क्रमांक आणि पावती जपून ठेवायची. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवलं, तर पाठवणाऱ्याकडून दोन ओळींची ईमेल मागून घ्यायची. तोंडी निरोप पुढच्या खिडकीवर कुणी मानत नाही.

बाबा, तुम्ही परस्पर कार्यालयात फोन करू नका. पुष्कळ विद्यापीठं सज्ञान मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांनाही देत नाहीत, आणि त्याला मात्र उगाच ओशाळं वाटेल. त्यापेक्षा या रविवारी त्याला एवढंच विचारा: पुढच्या सत्राची नोंदणी कधी उघडते, आणि खात्यावर काही अडवणूक आहे का ते बघितलंस का? मग तो चिडून दहा मिनिटं बोलला, तर बोलू द्या.

तुमची,
लेक