अकरा वह्या

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सगळं सुरळीत चाललंय म्हणूनच काही सुचत नाहीये. नोकरी सोडते, जरा हाल झाले की सुचेल." मी 'हं' म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. मला फोनवर पटकन उत्तर देता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

तू पाठवलेली त्या पियानोवाल्याची गोष्ट मी दोनदा वाचली. 24 जानेवारी 1975, जर्मनीतलं कोलोन, कीथ जॅरेट. मागितलेला पियानो आलाच नाही. होता तो लहान, वरच्या पट्टीत पत्र्यासारखा वाजणारा, पेडल धड न चालणारा. वाजवायला जॅरेट तयारच नव्हता. अखेर बसला, किरकिरे सूर टाळून मधल्या पट्टीत रमला, डाव्या हातानं तेच तेच ठेके धरून ठेवले, आणि त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण लाखोंनी खपलं. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात एक जागा गाळलेली आहे. हा माणूस त्याआधीच, कागदावर एक ओळ न लिहिता, एकटा मंचावर बसून लांबच लांब मैफली करत होता. तोच पियानो माझ्यासमोर आला असता तर नुसता मोडका पियानोच राहिला असता. शिवाय मोडक्या पियानोवर मोडकेच कार्यक्रम किती झाले असतील! त्यांच्या रेकॉर्डी कोण काढतो?

छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो तेव्हाचं सांगतो. (आई म्हणेल, झालं सुरू.) आमच्याकडच्या एका टायपात 'ळ' कायम कमी पडायचा. पुस्तकाचा मजकूर असला तर त्याला हात लावायची सोय नव्हती. संपलेल्या अक्षराच्या जागी दुसराच खिळा उलटा घालायचा, प्रुफात तिथं काळा ठोकळा उमटायचा, आणि आधीचं पान छापून खिळे मोकळे होईपर्यंत वाट बघायची. हँडबिलांचं मात्र मालक माझ्यावर सोपवायचे. तिथं 'वेळ'चा 'तास' व्हायचा, 'सगळे'चं 'सर्व'. एकदा 'केवळ सोमवारपर्यंत' असा मजकूर होता. 'ळ' नाही. मी जुळवलं, 'सोमवार गेला की गेलं!' गिऱ्हाईक इतकं खूश झालं की पुढच्या वेळी मजकूर न देताच आलं.

हा 'ळ'चा प्रताप, असं मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आलोय. आता वाटतं, ते अर्धंच खरं होतं. 'ळ' नव्हता म्हणून पहिला सुचलेला शब्द बाद झाला, एवढंच त्यानं केलं. एरवी पहिल्या शब्दावरच भागतं, पुढं जायला कोण बसलंय? पण दुसरा शब्द काही 'ळ'नं आणून दिला नाही. तो दिवसरात्र दुसऱ्यांचा मजकूर डोळ्यांखालून गेल्यामुळं आत कुठंतरी पडून होता. माझ्या शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीवर, एक नवा पोरगा उभा असायचा. त्याचाही 'ळ' संपायचा. तो हात झटकून चहाला जायचा.

आणि त्याच छापखान्यात एकदा तीन महिने पगार थकला. ती अडचण 'ळ'पेक्षा कितीतरी मोठी होती, तू दहा वर्षांची होतीस. तिच्यातून मला काय सुचलं म्हणशील? काहीही नाही. त्या दिवसांत मी इतक्या चुका केल्या की प्रुफं वाचणारे वैतागले. खिळा हातात आणि डोकं उधारीच्या वहीत.

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आहे. मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली खोकी देतात, आणि भिंतीवर मेणबत्ती नीट उभी करा म्हणतात. टाचण्या ओतून खोकी भिंतीला टोचायची आणि तिच्यावर मेणबत्ती ठेवायची, हे उत्तर. सॅम ग्लक्सबर्ग यांनी 1962 साली काहींना लवकर सोडवण्याबद्दल पैसे कबूल केले, तर त्यांनाच उत्तर सापडायला जास्त वेळ लागला. टाचण्या आधीच खोकीबाहेर काढून ठेवल्या, तेव्हा मात्र पैसेवाले पुढे गेले. रस्ता दिसत असला तर घाई कामाला येते. शोधायचा असला तर नजर आकसते. तुझे 'जरा हाल' नजरेचं काय करतील, याचा विचार कर.

तुझ्या आवडत्या मातीसचंच, त्या फ्रेंच चित्रकाराचंच घे. 1941 मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर त्याला फार वेळ उभं राहवेना. मग अंथरुणातून, चाकाच्या खुर्चीतून तो रंगवलेले कागद कात्रीनं कापू लागला आणि मदतनिसांकडून भिंतीवर टाचून घेऊ लागला. आजारानं कात्री दिली, असं सांगतात. पण ती आधीची होती! त्याच्या आधी दहाएक वर्षं, एका प्रचंड भित्तिचित्राची मांडणी ठरवताना, त्यानं रंगीत कागदाचे कापलेले तुकडे इकडेतिकडे सरकवून पाहिलेच होते. तेव्हा ती नुसती सोय होती. ब्रश दूर गेला तेव्हा त्या सोयीचंच चित्र झालं.

सुचणं बसमध्ये चढताना येतं, अंघोळीत येतं, हे सगळं मान्य. आंरी प्वाँकारे या गणितज्ञानं स्वतःच लिहून ठेवलंय, बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि उत्तर समोर आलं. त्याआधी त्यानं त्या प्रश्नाशी किती झटापट केली होती, तेही त्यानंच लिहिलंय. लोकांना फक्त पायरी आठवते.

आता तुझं. तुझं कावळ्यांच्या चित्रांचं पुस्तक तू राहत होतीस त्या खिडकी नसलेल्या खोलीमुळं झालं, असं तू सगळ्यांना सांगतेस. मी कधी अडवलं नाही, गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण कपाटात तुझ्या अकरा वह्या आहेत, काल काढून पाहिल्या. सगळ्या खोलीच्या आधीच्या. कावळा पाणी पिताना, कावळा भांडताना, कावळ्याची नुसती मान, तीच मान सतरा वेळा. मग प्रकाशकानं कळवलं की दोनच रंगांत छापणार, आणि तू दोन दिवस रडलीस. तिसऱ्या दिवशी कावळा कागदाच्या पांढऱ्यानंच काढलास आणि आभाळ काळं केलंस. तो दोन रंगांचा नियम तुझा 'ळ' होता. खोली म्हणजे माझा थकलेला पगार. त्या खोलीत तुला खोकला झाला, दुसरं काही झालेलं मला तरी आठवत नाही.

नोकरी सोडायची की नाही, हे तू ठरव. कंटाळली असशील तर खुशाल सोड, त्यात माझी हरकत नाही. हाल व्हावेत म्हणून सोडू नकोस. आणि एक विचारायचं राहिलं होतं, फोनवर धीर झाला नाही. यंदा वही किती भरली?

तुझा,
बाबा

ता. क. अकरा वह्या पोस्टानं पाठवणार नाही. हव्या असतील तर येऊन घेऊन जा. सातवीच्या मधली चार पानं उंदरानं खाल्लीत, ओरडू नकोस.