गाइड आहेत, पण विचारायचं कोणाला?

संपादक साहेब, नमस्कार.

माझा पहिला पेपर जर्नलकडून परत आला तेव्हा मेलमध्ये 'मेजर रिव्हिजन' लिहिलेलं होतं आणि मी तो चक्क नकार समजले, तीन आठवडे ती फाइल उघडलीच नाही. गाइडना सांगायची लाज. शेवटी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या एक मॅडम जिन्यात भेटल्या, म्हणाल्या अगं म्हणजे मोठे बदल करून दिलेस तर अजून घेऊ शकतात ते, आण इकडे. त्यांनी तीन रकान्यांचं टेबल करायला लावलं, एकात रिव्ह्यूअरचं, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याचं, म्हणणं जसंच्या तसं, दुसऱ्यात आपलं उत्तर, तिसऱ्यात कुठल्या पानावर काय बदललं ते. निम्म्याहून जास्त कमेंट नुसत्या भाषेच्या निघाल्या! एका ठिकाणी तर म्हणाल्या, हा चुकतोय, मान्य करू नकोस, फक्त कारण नीट दे. रिव्ह्यूअरला नाही म्हणता येतं हे मला पूर्ण पीएचडीत कोणी सांगितलं नव्हतं.

गाइड वाईट असतात असं नाही हं. पण शिफारसपत्र तेच देणार, काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही तेच ठरवणार, मग 'सर, पेपरवर माझं नाव दुसऱ्या नंबरला का' किंवा 'मला हा विषय सोडायचाय' हे त्यांनाच कसं विचारायचं?

अमेरिकेत २००७ च्या एका कायद्यामुळे नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेकडे पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतर काँट्रॅक्टवर काम करणाऱ्या संशोधकासाठी, पैसे मागताना त्याचं मेंटॉरिंग, म्हणजे त्याला मार्गदर्शन, कसं करणार ते लिहून द्यावं लागतं, एका पानात. चांगलंय, पण तेही लिहिणार कोण, तर बॉसच. आणि आता बरीच जर्नल्स कोणी काय काम केलं ते 'क्रेडिट' नावाच्या यादीनुसार मागतात, त्यात १४ भूमिका आहेत, मेंटॉरिंगला मात्र वेगळी जागा नाही, ते सुपरव्हिजनच्या व्याख्येत शेपटासारखं जोडलंय.

माझं म्हणणं एवढंच की नवीन माणूस जॉइन झाला की त्याला दुसऱ्या डिपार्टमेंटमधला एक सिनियर ठरवून द्यावा, ज्याचं नाव याच्या पेपरवर येणार नाही, जमलं नाही तर कारण न देता बदलता यावा आणि मुख्य म्हणजे त्या सिनियरचे तास वर्कलोडमध्ये धरावेत. नाहीतर ज्यांचा स्वभाव चांगला त्यांच्याच डोक्यावर सगळं पडतं.

हल्ली माझ्याकडेही दोघं येतात ते टेबल करून घ्यायला, आपापल्या गाइडला न सांगता, आणि येताना दार लावून घेतात.

– एक संशोधिका