'ट्रॅक व्ह्यू' टेंटचे पैसे परत करा आणि तो घाटाचा फोटो काढा

कस्टमर केअर मॅनेजर आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमच्या माणसाने माझं बोलणं अर्धवट असताना फोन ठेवला. हा चौथा कॉल होता. आता फोन करणार नाही, जे काय आहे ते लिहूनच देते म्हणजे उद्या कोणी "आमच्याकडे तशी नोंद नाही मॅडम" म्हणायला नको. बुकिंग नंबर ईमेलच्या विषयात टाकलाय. कर्जतचा 'ट्रॅक व्ह्यू' टेंट, मागच्या शनिवारची रात्र, दोन माणसं, ५६०० रुपये.

तुमच्या पानावर जो फोटो आहे तो भोर घाटाचा आहे. उजवीकडे दरी, गाडी वळण घेतेय आणि मागे जोडलेले दोन बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, स्पष्ट दिसतायत. खाली लिहिलंय की घाट चढणाऱ्या गाड्या टेंटमधून बघा. तरी पैसे भरायच्या आधी मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं, की लोणावळ्याला जाणारी मेन लाईन दिसते ना, कारण मला फक्त तीच बघायचीय. उत्तर आलं, "हो मॅडम, एकदम समोर." एकदम समोर, हे शब्द मी विसरलेले नाही.

हे मी माझ्यासाठी घेतलं नव्हतं. म्हणजे मलाही गाड्यांचं वेड आहे, पण ते ज्यांच्याकडून आलं त्या बाबांसाठी घेतलं होतं. बाबांची उभी नोकरी कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर म्हणून गेली. घाटात गाडीला मागून जोर लावणारी इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलीयत. जुनं डब्ल्यूसीजी-१ इंजिन, ज्याला सगळे खेकडा म्हणायचे, त्याचा उभ्या उभ्या कण्हल्यासारखा आवाज ते आजही तोंडाने काढून दाखवतात. नेहरू सायन्स सेंटरला जे ठेवलंय ते मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं, मी तेव्हा दुसरीत होते. पण इतकी वर्षं इंजिनं दुरुस्त करून घाटात पाठवणारा माणूस रात्री घाटात निवांत बसून ती चढताना बघायला कधी गेलाच नाही. आता गुडघे दुखतात, ट्रेक जमत नाही. म्हणून टेंट. खुर्ची टाकून बसायचं, थर्मासमध्ये चहा, आणि महालक्ष्मी, हुसेनसागर, सिद्धेश्वर या एक्सप्रेस एकेक करून वर जाताना बघायच्या, एवढंच होतं मनात.

आम्ही चार वाजता पोचलो. तुमच्या मुलाने टेंट दाखवला, सामान ठेवलं, बाबांनी समोर बघितलं आणि दोन सेकंदात म्हणाले, "अगं, ही तर खोपोली लाईन आहे."

तुम्ही कर्जतमध्ये धंदा करता तर हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, तरी लिहिते. कर्जतवरून पळसदरीपर्यंत एकत्र, पुढे दोन वाटा. एक घाट चढून मंकी हिलवरून खंडाळा लोणावळा, दुसरी खालून केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. खालची लाईन सिंगल आहे आणि तिच्यावर लोकल चालते, तीसुद्धा तास तास थांबल्यावर एक. तिला बँकर लागत नाही कारण तिला घाटच चढायचा नाही! वरच्या लाईनला १ इन ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, आणि म्हणूनच जवळजवळ प्रत्येक मेल एक्सप्रेस कर्जतला थांबून मागे इंजिनं लावून घेते. वंदे भारतला लागत नाहीत तेवढं सोडा. हे बघायलाच लोक येतात. तुमच्या फोटोतसुद्धा तेच आहे. मग टेंट केळवलीच्या अलीकडे खोपोली लाईनवर लावून फोटो घाटाचा टाकायचा ही चूक नाही, ही फसवणूक आहे.

बाबा मात्र तेव्हाही शांत होते. मला म्हणाले असू दे, ही पण जुनीच लाईन आहे, १८५६ ला गाडी इथूनच खोपोलीपर्यंत यायची, घाट झाला नव्हता तेव्हा माणसं खोपोलीला उतरून पालखीतून नाहीतर चालत खंडाळ्याला चढायची आणि वर परत पुण्याची गाडी धरायची, घाटातून रेल्वे १८६३ ला गेली. मला धीर द्यायला सांगत होते हे कळत होतं मला. संध्याकाळी डेक्कन क्वीनच्या वेळेला घड्याळ बघून टेंटच्या बाहेर येऊन उभे राहिले. ५:१० ला सीएसएमटीहून सुटली म्हणजे आता कर्जतला आली असेल, आता पळसदरी सोडली असेल, असं स्वतःशीच बोलत होते. दिसलं काहीच नाही, मध्ये डोंगराची अख्खी सोंड आडवी आहे.

रात्री तुम्ही स्पीकर लावलात. शेकोटीच्या बाजूला दोन मोठे, रात्री साडेबारापर्यंत, मी तीनदा जाऊन सांगितलं. निदान ऐकू तरी आलं असतं हो. घाटात रात्री पुढच्या लोकोने हॉर्न दिला की मागच्या बँकरचं उत्तर येतं, आणि मग जोर लावतानाचा जो घुमणारा आवाज असतो तो शांततेत लांबवर जातो. त्याच्यासाठी आलो होतो आम्ही. स्पीकर बंद झाल्यावर दीडच्या सुमाराला एक गाडी वर गेली, हॉर्न आला, बाबा शाल गुंडाळून अंधारात उभे राहून ऐकत होते आणि मला म्हणाले मागे दोन आहेत. तेवढं एकच पदरात पडलं ५६०० रुपयांत.

आता त्याहून गंभीर गोष्ट. आम्ही तक्रार केल्यावर तुमच्या साईटवरच्या माणसाने उपाय काय सांगितला माहितीय का? म्हणाला मेन लाईन बघायचीय ना, मी नेतो, ट्रॅकच्या कडेकडेने चालत जाऊ, टॉर्च आहे माझ्याकडे, सगळे जातात. रात्री नऊ वाजता! ठाण्याची एक फॅमिली होती, दोन लहान मुलं, ते निघाले पण होते. बाबांनी त्यांना थांबवलं. आवाज न चढवता सांगितलं, की उतारावरून येणारी गाडी कळतच नाही, इंजिन जोर लावत नसतं त्यामुळे आवाज कमी येतो, कळेपर्यंत ती अंगावर असते, आणि पोरांना घेऊन तिथे जाऊ नका मी हात जोडतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली रुळांवर असं घुसणं गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०२३ च्या पावसाळ्यात दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या ट्रेकर्सना पोलिसांनी अडवलं होतं, किती बातम्या आल्या. गाड्यांवर खरं प्रेम करणारा माणूस रुळांपासून लांब बसतो, म्हणून तर टेंटचे पैसे मोजतो ना.

आता आजचा कॉल. हा पूर्ण लिहिते कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीला बाई सांगते, काढून ऐका.

मी सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, टेंटमधून ट्रॅक दिसत होता का?" मी म्हटलं दिसत होता पण तो ट्रॅक... "ट्रेन गेली का?" मी म्हटलं लोकल गेली, पण... "मग मॅडम ट्रॅक व्ह्यू मिळाला ना तुम्हाला." मी म्हटलं अहो फोटो दुसऱ्या लाईनचा आहे. तर म्हणे "फोटो रेफरन्ससाठी असतो." मग विचारतो, "तुम्हाला नक्की कुठली ट्रेन पकडायची होती?" पकडायची! चार कॉल झाल्यावर! मी म्हटलं पकडायची नाही, बघायची होती. तो थोडा वेळ गप्प आणि मग मागे कोणाला तरी सांगतोय ते मला ऐकू आलं, "अरे ट्रेन बघायला गेली होती," आणि दोघं हसले.

बाबा बाजूलाच बसले होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "बाळा, डाऊन लाईनला कर्जतच्या पुढे बँकर लागतात, ते बघायला आलो होतो." हा म्हणतो, "काका, डाऊन म्हणजे खालीच ना, मग तुम्ही खालचीच लाईन बघितली." बाबा त्यालाही समजावत बसले, की मुंबईहून निघालेली गाडी डाऊन, ती घाट चढत असली तरी डाऊनच. तर त्याने मध्येच तोडलं. "काका, ट्रेन बघायला एवढे पैसे कशाला घालवता, डोंबिवली स्टेशनवर जाऊन बसा, दर तीन मिनिटाला येते." आणि वर म्हणे पुढच्या बुकिंगवर १० टक्के सूट देतो. मी फोन परत घेऊन बोलायला लागले तर कट.

माझ्या बाबांशी असं बोलायचा तुम्हाला काहीही हक्क नाही. ज्या माणसाने आयुष्यभर ती इंजिनं चालती ठेवली त्याला तुमचा पोरगा स्टेशनवर जाऊन बसायला सांगतो. बाबा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. मला राग ५६०० पेक्षा त्याचा जास्त आहे.

आणि वाईट वाटतं कारण आम्ही तुमच्याकडे आधी राहिलोय, भंडारदऱ्याला, जूनच्या सुरुवातीला काजव्यांच्या वेळी. तिथे तुमच्याच लोकांनी सगळ्यांचे टॉर्च आणि मोबाईल बंद करायला लावले होते, स्पीकर तर नव्हताच, कोणी मोठ्याने बोललं तरी टोकत होते. किती चांगलं वाटलं होतं, मी दहा जणांना तुमचा नंबर दिला. काजवे बघायला आलेल्या माणसाला काय हवं ते तुम्हाला कळतं तर गाड्या बघायला आलेल्याला काय हवं ते का कळू नये? त्यालाही अंधार आणि शांतताच हवी असते. स्पीकर साडेबारापर्यंत, परत सांगते.

मला पूर्ण ५६०० परत हवेत, कूपन नको, सूट नको, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात, १५ दिवसांत. पानावरचा घाटाचा फोटो काढा आणि तिथे सरळ लिहा की समोर खोपोली लाईन आहे, लोकल दिसते, त्यातही आवड असणारे येतील, मी स्वतः कधीतरी येईन. साईटवरच्या माणसाला लेखी सांगा की कोणत्याही पाहुण्याला रुळांवर न्यायचं नाही, आणि त्या लेखी सूचनेची कॉपी मला पाठवा. आणि आज ज्याने फोन घेतला त्याने बाबांना फोन करून माफी मागायची. नंबर माझाच लावा, मी देईन त्यांच्याकडे.

१५ दिवसांत झालं नाही तर १९१५ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. फोटोचा स्क्रीनशॉट, टेंटसमोरच्या सिंगल लाईनचा व्हिडिओ, पेमेंटची पावती सगळं ठेवलंय. स्पीकरचा व्हिडिओ पण आहे, त्यात वेळ दिसते. रुळांवर नेण्याचा विषय मी रेल्वे पोलिसांकडे वेगळा नेणार आहे, त्याची वाट १५ दिवस बघणार नाही, कारण येत्या शनिवारीही तिथे कोणीतरी लहान मुलं घेऊन येणारच आहे आणि त्यांना अडवायला बाबा तिथे नसतील.

फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा, तेव्हा आम्ही दोघं घरी असतो.

एक ग्राहक,
मुलुंड, मुंबई