बाथटबच्या निचऱ्याच्या नकाशात व्हेंट (हवेचा) पाइप न दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष पाइपलाइन आराखडा आणि त्यामुळे येणारी दुर्गंधी

महोदय,

बाथटब, त्याची पाइपलाइन आणि जोडणीचा नकाशा हे सगळे काम आम्ही तुमच्याच कंपनीला दिले होते. टबाबद्दल तक्रार नाही, नकाशाबद्दल आहे. कमोडचा फ्लश ओढला की टबाच्या भोकातून गुडगुड आवाज येतो आणि थोड्याच वेळात बाथरूमभर गटाराचा वास पसरतो. ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, थेट भोकाखालीच आहे, त्यामुळे जाळी काढून टॉर्च मारला की सगळे दिसते. फ्लशबरोबर ट्रॅपमधले पाणी आधी हिंदकळते, मग झपकन खाली ओढले जाते. लागोपाठ फ्लश झाले की तळाशी पाण्याची चमकही उरत नाही.

तुमच्या साइट इंजिनिअरने पाहणीनंतर सांगितले, "टब रोज वापरत नाही ना, म्हणून ट्रॅपमधले पाणी वाळते." ट्रॅपमधले ५० मिलिमीटर पाणी आपोआप वाळायला काही आठवडे लागतात, इथे ते सकाळी भरले तर संध्याकाळपर्यंत टिकत नाही. शेजारचा नहाणी ट्रॅप मात्र भरलेलाच असतो. त्यांचे दुसरे म्हणणे असे की टबाचा तळ सपाट असल्याने शेवटी रेंगाळत येणारे पाणी ट्रॅप पुन्हा भरते. हे खरे आहे, पण टब रिकामा होतानापुरतेच. फ्लश होतो तेव्हा टबात पाणी नसतेच, मग ट्रॅप भरणार कोण?

आता मूळ मुद्दा. टबाची आणि कमोडची लाइन एकाच उभ्या पाइपला मिळतात, कमोडची थोडी वर. फ्लशचे पाणी खाली धावताना मागची हवा खेचते आणि जवळ हवा यायला दुसरी वाट नसली की ती टबाच्या ट्रॅपमधून ओढली जाते. तुमच्या नकाशात ट्रॅपपासून उभ्या पाइपपर्यंत ३.५ मीटर अंतर आहे. ४० मिलिमीटरचा पाइप, मीटरमागे २० मिलिमीटर ढाळ, म्हणजे एकूण उतार ७० मिलिमीटर. पाइपचा व्यासच ४०! पाइपचे पलीकडचे तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीच्याही खाली गेले, म्हणजे उभ्या पाइपातली हवा ट्रॅपपर्यंत पोहोचायला वाट उरली नाही. उभा पाइप छतावर उघडा आहे, तोच व्हेंट समजा, हे तुमचे उत्तर म्हणूनच पटत नाही. उतार व्यासाएवढा होण्याआधी, म्हणजे या ढाळाला ट्रॅपपासून २ मीटरच्या आत व्हेंट हवा होता. टबाचे रंग दाखवायला तुमच्याकडे जाडजूड कॅटलॉग होता, हवेच्या पाइपसाठी नकाशात एक रेघही नाही.

यावर तुम्ही सुचवलेला उपाय म्हणजे भोकात जंतुनाशक ओतणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुसरा पर्याय भिंतीत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवून वर टाइल लावण्याचा. तो व्हॉल्व्ह चालायला त्याच्यापर्यंत हवा पोहोचावी लागते आणि बिघडला तर हातही पोहोचावा लागतो. टाइलमागे गाडलेला व्हॉल्व्ह आम्हाला नको.

आमची मागणी अशी आहे की सुधारित नकाशा आधी लेखी द्यावा. त्यात ट्रॅपजवळून व्हेंट सरळ वर न्यावा, टबाच्या काठापेक्षा किमान १५० मिलिमीटर उंच गेल्यावरच तो आडवा वळवावा आणि मुख्य व्हेंटला जोडावा. फरशी आणि भिंत फोडण्याचा, पुन्हा बसवण्याचा सगळा खर्च कंपनीने करावा. ट्रॅपपाशी उघडता येईल असे झाकण ठेवावे. मूळ कामात तेही विसरले होते. आणि फरशी बंद करण्यापूर्वी लाइनमध्ये पाणी भरून सांधे तपासावेत, टब काठोकाठ भरून सोडावा, त्याच वेळी फ्लश ओढावा आणि ट्रॅपमधली पातळी आमच्यासमोर दाखवावी. मागच्या वेळी प्लंबरने पाइपवर सिमेंट ओढले तेव्हा साधी बादलीभर पाण्याचीही चाचणी झाली नव्हती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि कामाची तारीख कळवावी. चाचणी समाधानकारक होईपर्यंत बिलाची उरलेली रक्कम दिली जाणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत: मूळ नकाशाची प्रत, ट्रॅपचे फोटो